बर्मिंगहॅममध्ये पहिली गाडी घेताना: आधी लायसन्स आणि विमा, मग गाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, २ महिन्यांपूर्वी तुम्ही नोकरीनिमित्त पुण्याहून बर्मिंगहॅमला आलात, पत्नी आणि ४ वर्षांची मुलगी सोबत आहे, हाताशी साधारण ५,००० पौंड आहेत, एका खाजगी विक्रेत्याची २०१३ ची डिझेल हॅचबॅक पसंत पडली आहे, आणि ती घ्यावी की हप्त्यांवर नवी गाडी घ्यावी हे ठरत नाही. माझे मत स्पष्ट आहे. ही डिझेल घेऊ नका, हप्त्यांच्या फंदात सध्या पडू नका, आणि कोणतीही गाडी पाहायला जाण्याआधी लायसन्स व विमा या दोन गोष्टी मार्गी लावा.

भारतीय लायसन्सवर येथे वास्तव्य सुरू झाल्यापासून केवळ १२ महिने गाडी चालवता येते. ऑस्ट्रेलिया किंवा जपानचे लायसन्स बदलून मिळते, आपले मिळत नाही, त्यामुळे थिअरी आणि प्रॅक्टिकल या दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. डीव्हीएलएकडे, म्हणजे लायसन्स व वाहन नोंदणी पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे, प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्सचा अर्ज ताबडतोब करा. ऑनलाइन शुल्क ३४ पौंड आहे आणि हे लायसन्स हाती आले तरी पहिल्या १२ महिन्यांत भारतीय लायसन्सवर गाडी चालवण्याची मुभा कायम राहते. प्रॅक्टिकलची तारीख मिळायला अनेक ठिकाणी महिनोन्‌महिने लागतात, आणि परीक्षा उत्तीर्ण होण्याआधी मुदत संपली तर गाडीला ‘एल’ची पाटी लावून, किमान ३ वर्षे पूर्ण लायसन्स असलेली आणि २१ वर्षांवरील व्यक्ती शेजारी बसवूनच गाडी काढता येते. मुलीला शाळेत सोडून कामावर जाणाऱ्या माणसाला हे परवडणारे नाही. शिवाय ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचेच मिळते, म्हणून कोणती गाडी घ्यायची हा विचार परीक्षेपासूनच सुरू होतो.

विम्याचे गणित भारतापेक्षा अगदी वेगळे आहे. येथे प्रीमियम गाडीच्या किमतीपेक्षा चालकावर, त्याच्या पोस्टकोडवर आणि लायसन्सच्या प्रकारावर अधिक ठरतो, आणि नवागताला तो कधी कधी गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्याही पुढे जातो. म्हणून जाहिरातीतला नोंदणी क्रमांक घ्या, दर तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर टाका, आणि आकडा पाहूनच विक्रेत्याला फोन करा. भारतातला नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत, तरी पत्र मागवून ठेवा आणि विचारून पाहा. थर्ड पार्टीपेक्षा सर्वसमावेशक विमा स्वस्त पडतो असेही अनेकदा घडते, त्यामुळे दोन्ही दर काढा. मात्र प्रीमियम कमी व्हावा म्हणून प्रत्यक्षात गाडी न चालवणाऱ्या एखाद्या अनुभवी मित्राचे नाव मुख्य चालक म्हणून कधीही घालू नका. ती फसवणूक ठरते आणि अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. विना विमा गाडी चालवताना पकडले गेल्यास ३०० पौंड दंड, लायसन्सवर ६ गुण आणि वर गाडी जप्त होण्याची शक्यता असते.

आता तुमच्या डिझेलविषयी. बर्मिंगहॅमच्या मध्यवर्ती भागात, म्हणजे मिडलवे रिंग रोडच्या आत, जून २०२१ पासून क्लीन एअर झोन, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणारा भाग आहे. युरो ६ या प्रदूषण मानकापेक्षा जुन्या डिझेल मोटारीला तेथे दिवसाला ८ पौंड पडतात, आणि २०१३ ची डिझेल सहसा युरो ५ असते. पेट्रोलला युरो ४ पुरते, म्हणजे साधारण २००६ नंतरची बहुतेक पेट्रोल मोटार बिनधास्त आत जाते. डिझेल स्वस्त, ही आपल्याकडून सोबत आणलेली समजूतही येथे उपयोगाची नाही, कारण येथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असते. शाळा, दुकान, कार्यालय अशा छोट्या फेऱ्यांत डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर पुरेसा तापत नाही, तो तुंबतो आणि दुरुस्तीला मोठा खर्च येतो. तुमच्या रकमेत लहान पेट्रोल इंजिनाची यारिस, जॅझ किंवा स्विफ्ट शोधावी असे मला वाटते. हप्त्यांचे म्हणाल तर बहुतेक कर्जदाते मागील ३ वर्षांचे पत्ते विचारतात, आणि येथील पतइतिहास नसताना कर्ज मिळालेच तर महाग मिळते.

येथे ओळखीचा मेकॅनिक नसला तरी त्याची उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारी एक सोय सरकारने मोफत दिली आहे. ३ वर्षांपुढील प्रत्येक मोटारीची दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याची सक्तीची तपासणी होते आणि नोंदणी क्रमांक टाकला की तिचा पूर्ण इतिहास सरकारी संकेतस्थळावर दिसतो. तो नुसता ‘पास’ म्हणून पाहू नका, ओळीने वाचा. मैलांचा आकडा दरवर्षी सुसंगत वाढला आहे का, की मध्येच घटला आहे? टायर झिजल्याची सूचना एकदा आली आणि पुढच्या वर्षी गायब झाली, तर मालक काळजी घेणारा आहे. खालच्या सांगाड्याच्या गंजाची सूचना तीन वर्षे सलग येऊन शब्द अधिकाधिक कडक होत असतील, तर ती गाडी सोडून द्या. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे येथे गंज हा गंभीर आजार आहे.

पाहायला दिवसाउजेडी आणि विक्रेत्याच्या घरीच जा. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागले तर इंजिन आधीच चालू करून ठेवले होते असे समजा आणि थंड इंजिन सुरू होताना पाहण्यासाठी पुन्हा या. इंजिन ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळट, सायीसारखा थर दिसला तर तेलात पाणी जात असण्याची शंका घ्यावी. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीचा तो बदलल्याची पावती मागा.

व्ही५सी हे गाडीच्या नोंदणीचे कागदपत्र आपल्या आरसी बुकासारखे दिसते, पण ते मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर फक्त नोंदणीकृत ताबेदाराचे नाव असते. गाडीवर कोणाचे कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का, किंवा अपघातानंतर कॅटेगरी एस अथवा एन मध्ये, म्हणजे विमा कंपनीने निकाली काढलेल्या पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांत, गेली आहे का, यासाठी पैसे भरून वेगळी इतिहास तपासणी करून घ्या. या खर्चात काटकसर करू नये. गाडी पाहण्याआधी अनामत कोणालाही पाठवू नका.

शक्य असल्यास मी खाजगी विक्रेत्यापेक्षा डीलर निवडेन, जरी काही शे पौंड जास्त द्यावे लागले तरी. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार डीलरकडून घेतलेली गाडी सदोष निघाल्यास ३० दिवसांत ती परत करून पूर्ण रक्कम मागता येते. खाजगी व्यवहारात हे संरक्षण नाही. तेथे गाडी वर्णनाप्रमाणे आहे एवढाच आग्रह धरता येतो.

व्यवहाराच्या दिवशी विमा त्याच वेळेपासून सुरू करा. २०१४ पासून रोड टॅक्स जुन्या मालकाकडून नव्याकडे येत नाही, म्हणून व्ही५सीची नव्या ताबेदारासाठीची हिरवी चिठ्ठी हातात घेऊन तिच्यावरील १२ अंकी क्रमांकाने तेथेच मोबाइलवर टॅक्स भरा आणि मगच गाडी रस्त्यावर आणा. विक्रेत्याने डीव्हीएलएला ऑनलाइन कळवले की नवे व्ही५सी साधारण आठवड्याभरात टपालाने येते. ४ आठवड्यांत आले नाही तर चौकशी करा.