घरातला दमटपणा कमी करण्यासाठी कोणती झाडं ठेवावीत?

तुम्ही विचारलंय की खोलीत कुबट वास येतो, कोपऱ्यात भिंतीला काळी बुरशी धरते, तर पीस लिली, बोस्टन फर्न किंवा मातीशिवाय वाढणारा एअर प्लांट ठेवून हवेतला ओलावा शोषला जाईल का आणि किती कुंड्या लागतील. नाही, शोषला जाणार नाही. उलट वाढेल.

कुंडीत 100 मिली पाणी घातलंत तर झाड त्यातलं जेमतेम 2–3 मिली स्वतःच्या वाढीसाठी ठेवतं. बाकीचं पानांच्या रंध्रांतून वाफ होऊन किंवा मातीतून सुकून तुमच्याच खोलीत येतं. खात्री करायची असेल तर एका फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवा आणि तिचं तोंड देठाशी दोऱ्याने घट्ट बांधा, म्हणजे मातीची वाफ आत शिरणार नाही. उजेडात तीन-चार तास ठेवलंत की पिशवी आतून धुरकट होते, मग थेंब ओघळून तळाशी जमतात. ते पाणी झाडाने बाहेर टाकलेलं आहे.

मग हा समज आला कुठून? पीस लिली आणि फर्न दमट जंगलातली झाडं. दमट हवेत ती जोमाने वाढतात, त्यावरून ती दमटपणा खातात असं लोकांनी ठरवलं. खरं तर दोघांनाही पाणी भरपूर लागतं, त्यामुळे ओलीच्या खोलीसाठी त्यांची निवड सर्वात वाईट. एअर प्लांट म्हणजे टिलँडसिया पानांवरच्या खवल्यांतून पाणी घेतो हे खरं आहे, पण प्रमाण बघा. 10 ग्रॅमच्या रोपाने स्वतःच्या वजनाइतकं पाणी घेतलं असं धरलं तरी ते 10 मिली. शिवाय भिजल्यावर चार तासांत ते रोप सुकलं नाही तर गाभ्यातून सडतं, आणि सुकलं की ते पाणी परत हवेतच.

याच्यासमोर खोलीचा हिशेब ठेवा. 3 × 4 मीटरची, 3 मीटर उंचीची खोली म्हणजे 36 घनमीटर हवा. 25 अंशाला पूर्ण संपृक्त हवेत घनमीटरमागे साधारण 23 ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता 80 वरून 60 टक्क्यांवर आणायची तर सुमारे 165 ग्रॅम पाणी काढावं लागेल. तेही एकदा काढून भागत नाही. बाहेरही तशीच 80 टक्के हवा असेल आणि फटींतून तासाला खोलीची निम्मी हवा बदलत असेल, तर तासाला 80 ग्रॅमच्या आसपास पाणी परत आत येतं, म्हणजे दिवसाला जवळपास 2 लिटर. त्यापुढे 10 मिलीची काय कथा!

त्यामुळे आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. ओल्या जागी 30 × 30 सेंटीमीटर जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. खोलीच्या बाजूला थेंब दिसले तर खोलीतलीच वाफ गार भिंतीवर पाणी होऊन बसते आहे. भिंतीच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय: गळका पाइप, बाहेरची भेग किंवा पायातून वर चढणारी ओल. तिथे गळती बंद केल्याशिवाय रंग, पुट्टी काही टिकत नाही, पोपडे पुन्हा सुटतात.

हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारा एक साधा हायग्रोमीटर घ्या आणि तो आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घाला. ओलसर लगदा झाला पाहिजे, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर एकाच हवाबंद पिशवीत बारा तास ठेवा. आकडा 75 यायला हवा, येईल तेवढा फरक लक्षात ठेवा. खोलीत 40 ते 60 टक्के ठीक. सतत 70च्या वर असेल तर बुरशी येणारच.

वाफ खोलीतलीच असेल तर कपडे आत वाळवणं आधी बंद करा, एका भरलेल्या दोरीतून लिटर-दोन लिटर पाणी सहज हवेत जातं. आंघोळ आणि स्वयंपाकानंतर एक्झॉस्ट वीस मिनिटं चालू ठेवा. कपाट भिंतीपासून 5–10 सेंटीमीटर पुढे ओढा. खिडकी मात्र विचार करून उघडा. बाहेर 10 अंश असताना आलेली हवा खोलीत 22 अंशापर्यंत तापली की बाहेर कितीही दमट असली तरी तिची आर्द्रता पन्नाशीच्या आत येते. पण बाहेर 30 अंश आणि 85 टक्के असेल तर घनमीटरमागे 25 ग्रॅमहून जास्त पाणी तुम्ही आत बोलावताय. अशा दिवसांत खिडक्या लावून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, चालवा. खोक्यावरचा लिटरचा आकडा बहुधा 30 अंश आणि 80 टक्क्यांचा असतो, गार खोलीत पाणी त्याहून बरंच कमी निघतं. ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे बंद कपाटापुरते ठीक. त्यात साचलेलं पाणी खारं असतं, ते धातूवर किंवा चामड्यावर सांडू देऊ नका, आणि कुंडीत तर मुळीच ओतू नका.

झाडं हवीच असतील तर स्नेक प्लांट, झीझी प्लांट किंवा कॅक्टस ठेवा. दोन आठवड्यांनी 200 मिली पाणी म्हणजे दिवसाला 14–15 ग्रॅम वाफ, एवढी खोलीला जाणवत नाही. बाकी कुठल्याही कुंडीचा हिशेब स्वयंपाकघरातल्या काट्यावर होतो: आज वजन करा, मध्ये पाणी न घालता उद्या त्याच वेळी पुन्हा करा, जितके ग्रॅम घटले जवळपास तितके मिली हवेत गेले.

दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं, म्हणून माती दिवसेंदिवस ओली राहते. तरी ठरल्या वारी पाणी घालत राहिलात तर मुळं कुजतात आणि मातीवर चिलटं घोंगावतात. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी द्या, स्नेक प्लांटला तर माती तळापर्यंत सुकू द्या. अर्ध्या तासाने बशीतलं पाणी फेका, आणि कुंडी ओल्या भिंतीला टेकवू नका.