चित्रकार्डं दिली तर मूल बोलायचं थांबेल का?

नाही. साडेतीन वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा बोलत नाही, थेरपिस्ट कार्डं सुचवतायत आणि घरचे म्हणतायत, ‘मग तो बोलायचे कष्टच घेणार नाही.’ ही भीती बहुतेक घरांत असते. पण आजवरच्या अभ्यासांत कार्डांमुळे बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही. उलट काही मुलांचं थोडं वाढतंच.

हव्या त्या वस्तूचं चित्रकार्ड समोरच्याला देऊन ती मागायला शिकवणारी पेक्स (PECS) ही पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये सुरू केली. पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात. एक जण समोर साबणाच्या फुग्यांची बाटली घेऊन बसतो, दुसरा मुलाच्या मागे. मूल बाटलीकडे झेपावलं की मागचा गुपचूप त्याचा हात फुग्यांच्या चित्राच्या कार्डाकडे वळवतो आणि ते समोरच्याच्या हातात ठेवायला लावतो. समोरच्याने लगेच ‘फुगे!’ म्हणत फुगे उडवायचे. ‘काय हवं?’ असं विचारायचं नाही, कारण सुरुवात मुलाकडून व्हायला हवी. आणि ‘आधी म्हण, मग देतो’ ही अट तर अजिबात नको. तिथेच सगळं फिसकटतं.

कानांची तपासणी झाली नसेल तर ती मात्र आधी करून घ्या. बरेच जण नेमकी हीच विसरतात.