मुलांना आइस हॉकी शिकवायला निघालात? थोडं ऐका

अमेरिकेत लेकाच्या टीमचं कोचिंग अंगावर घेतलंत, छान केलंत. शिट्टी नंतर घ्या, आधी यूएसए हॉकी या तिथल्या राष्ट्रीय संघटनेकडे नोंदणी, पार्श्वभूमी तपासणी आणि सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळाडूंना गैरवर्तनापासून जपण्याचं, प्रशिक्षण उरका. सेफस्पोर्ट कंटाळवाणं वाटेल, तरी पटापट क्लिक करून संपवू नका. लॉकर रूममध्ये मुलांसोबत मोठ्यांनी कसं वागायचं, ते तिथेच नीट कळतं.

मग लेव्हल १ हा कोचिंगचा पहिला कोर्स, शिवाय ज्या वयोगटाला शिकवणार त्याचं वेगळं मॉड्यूल. पुढच्या वर्षी गट बदलला की त्या नव्या गटाचं मॉड्यूलही करावं लागतं. हे भलेभले विसरतात.

आठ वर्षांखालच्या पोरांना पूर्ण रिंक, म्हणजे बर्फाचं अख्खं मैदान, देऊ नका. आडव्या, छोट्या भागात खेळवलं की प्रत्येकाच्या स्टिकला पक (खेळायची रबरी चकती) जास्त वेळा लागतो. बारा वर्षांखालच्या गटात बॉडी चेकिंगला, म्हणजे अंगाने धडक देऊन समोरच्याला पकपासून हटवण्याला, २०११ पासून बंदी आहे, मग गॅलरीतले बाप कितीही ओरडोत! पण अंग लावून जागा राखणं याच वयात शिकवा. पुढच्या गटात मुलग्यांचं चेकिंग सुरू होतं, तेव्हा पाया तयार हवा.

आणि हो, बर्फावर हेल्मेट तुम्हालाही सक्तीचंच.