अंतर तेच, मग वेळ वेगळी का?

प्रश्न : लंडन ते न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५७० किमी आहे. विमान ताशी ९०० किमी वेगाने जाते, म्हणजे सव्वासहा तास पुरेसे व्हायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना आठ तास आणि येताना सात तास दिसतात. असे का?

उत्तर : अंतर बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. पण तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसते. एका विमानतळाचे गेट सोडल्यापासून दुसऱ्याच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ तीत येतो. धावपट्टीपर्यंत जाणे, तिथली रांग, चढता-उतरतानाचा कमी वेग यांसाठी साधारण एक तास वेगळा काढावा. शिवाय विमान सर्वांत जवळच्या रेषेवरून तंतोतंत क्वचितच जाते. तीन-चार टक्के जादा, म्हणजे ५,७५० किमी धरा.

खरा फरक वारा पाडतो. ताशी ९०० किमी हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नव्हे. उत्तर अटलांटिकवर ९ ते १२ किमी उंचीवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. वाटेतला सरासरी वारा ताशी ८० किमी धरला, तर न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८२०. ५,७५० भागिले ८२० म्हणजे सात तास; त्यात वरचा एक तास मिळवला की आठ. परतताना वेग ९८०, म्हणून पाच तास ५२ मिनिटे अधिक एक तास. हिवाळ्यात हा प्रवाह जोर धरतो आणि तफावत वाढते. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते.

पृथ्वी खालून फिरते, मग पश्चिमेला लवकर पोहोचायला हवे, हा तर्क वारंवार ऐकू येतो. तो सोडून द्या. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

प्रश्न : दोन शहरांमधले अंतर घरी काढता येते का? नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर जुळत नाही.

उत्तर : सपाट नकाशावर ते जुळणारच नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा; तो ज्या वाटेने जाईल ती सर्वांत जवळची. आकडा हवा असेल तर दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्या. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशांतील फरकाचा कॉस या तिघांचा गुणाकार करा. दोन्ही उत्तरांची बेरीज ज्या कोनाचा कॉस असेल, त्या कोनाला १११.२ ने गुणा. लंडन (५१.५ उत्तर, ०.१ पश्चिम) आणि न्यूयॉर्क (४०.७ उत्तर, ७४ पश्चिम) यांची बेरीज ०.६४१ येते, कोन ५०.१ अंश, अंतर सुमारे ५,५७० किमी.

उत्तर भलतेच आले, तर आधी कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर नाही ना, ते पाहा. एक शहर पूर्व रेखांशावर आणि दुसरे पश्चिम रेखांशावर असेल, तर रेखांशांची वजाबाकी नव्हे, बेरीज करायची. आणि ४० अंश ४२ मिनिटे म्हणजे ४०.४२ नव्हे, ४०.७.

प्रश्न : लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचतो. प्रवास तीनच तासांचा?

उत्तर : दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक आहेत. आधी दोन्ही जागतिक प्रमाणवेळेत आणा, मगच वजाबाकी करा. उन्हाळ्यात लंडन एक तास पुढे आणि न्यूयॉर्क चार तास मागे असते. म्हणजे निघणे १० ला, पोहोचणे १८ वाजता, आठ तास. मार्चमध्ये जपून. अमेरिकेत घड्याळे दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक पाचाऐवजी चारच तासांचा असतो.

प्रश्न : जुन्या पुस्तकात हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांचा दिला आहे. आता इतका वेळ का लागतो?

उत्तर : ती वेळ रशियावरून जाण्याची होती. फेब्रुवारी २०२२ नंतर फिनलंडच्या विमानांना रशियाचे आकाश बंद झाले. आता वळसा घालून जावे लागते आणि प्रवास १३ तासांच्या आसपास जातो. शहरांमधले अंतर अजूनही सुमारे ७,८०० किमीच आहे.