नाइन्थ, इलेव्हन्थ, थर्टीन्थ कॉर्ड्स पाठ कराव्यात की समजून घ्याव्यात?

गिटारवर मेजर, मायनर आणि सेव्हन्थ कॉर्ड्स (एकदम वाजवायचे स्वरसमूह) हाताला बसल्यानंतर पुढच्या कॉर्ड्सचे, बोटे कोठे ठेवायची हे दाखवणारे तक्ते पाठ करावेत काय आणि पेटीवर मिळवलेल्या स्वरज्ञानाचा त्यासाठी उपयोग होईल काय, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत, गिटार शिकवतो आणि माझ्याकडे पेटीवरून आलेले विद्यार्थी बरेच असतात, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: उपयोग निश्चित होईल, तक्त्यांपेक्षा अधिक होईल.

कॉर्डच्या मूळ स्वराला सा माना आणि एकाआड एक स्वर घेत वर चला. सा, ग, प ही मेजर कॉर्ड झाली. तिच्यात नि आला की सेव्हन्थ, आणि त्यापुढे तार सप्तकातील रे म्हणजे नाइन्थ, म म्हणजे इलेव्हन्थ, ध म्हणजे थर्टीन्थ. नुसते ‘सी नाइन’ लिहिलेले असेल तर नि कोमल असतो, ‘सी मेजर नाइन’मध्ये शुद्ध, आणि ‘सी मायनर नाइन’मध्ये ग व नि दोन्ही कोमल, ‘ॲड नाइन’मध्ये मात्र नि नसतोच. गायनात सा अढळ असतो, येथे तो प्रत्येक कॉर्डबरोबर बदलतो. येथील देवल क्लब या संगीतसंस्थेच्या मैफली ऐकत तयार झालेल्या कानाला हे सुरुवातीला खटकते, पण तेवढी सवय करून घ्यावीच लागते.

खरा प्रश्न पुढे आहे. थर्टीन्थमध्ये कागदावर सात स्वर होतात, तर गिटारला तारा सहा आणि पट्टीवर दाबायला बोटे चार, त्यामुळे या कॉर्ड्स शिकणे म्हणजे मुख्यतः काय गाळावे हे शिकणे. प्रथम प गाळावा, कारण तो गेल्याने कॉर्डचा स्वभाव बदलत नाही. सोबत बेस वाजत असेल तर सासुद्धा सोडता येतो. ग आणि नि मात्र सोडू नयेत, कारण मेजर की मायनर आणि नि कोमल की शुद्ध हे त्या दोघांवरूनच कळते. इलेव्हन्थचा म शुद्ध गशी अर्ध्या स्वराने भांडतो, म्हणून मेजर अंगाच्या थर्टीन्थमध्ये तो बहुधा वगळतात, आणि ‘जी इलेव्हन’ वाजवताना उलट ग वगळून जीच्या बेसवर सरळ एफ मेजर धरतात. मायनरमध्ये ग कोमल असल्याने ही अडचण येत नाही.

आता तीन कॉर्ड्स सलग वाजवून पाहा. तारा मोजताना सर्वांत बारीक तार पहिली, आणि फ्रेट म्हणजे पट्टीवरचे घर. डी मायनर नाइनसाठी पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर व दुसरीवर पाचवा. जी थर्टीनसाठी सहावीवर व चौथीवर तिसरा, तिसरीवर चौथा, दुसरीवर पाचवा. सी मेजर नाइनसाठी पाचवीवर तिसरा, चौथीवर दुसरा, तिसरीवर चौथा, दुसरीवर तिसरा. पहिल्या कॉर्डकडून दुसऱ्या कॉर्डकडे जाताना चौथी, तिसरी व दुसरी या तीन तारांपैकी केवळ तिसऱ्या तारेवरचा स्वर एक फ्रेट खाली येतो, बाकीचे दोन जागचे हलत नाहीत. पुढच्या बदलात तो तिसऱ्या तारेवरचा स्वर स्थिर राहतो आणि बाकीचे दोन उतरतात. डीचा कोमल ग हाच जीचा कोमल नि होतो, हे गळ्याने म्हणून पाहिले तर माझ्या मते महिनाभर तक्ते घोकण्यापेक्षा जास्त पदरात पडते.

पिकऐवजी (तारा छेडण्याच्या चकतीऐवजी) अंगठा आणि तीन बोटांनी चारही तारा एकदम छेडाव्यात, म्हणजे नको असलेल्या तारा आपोआप गप्प राहतात. यात मोकळी तार एकही नसल्यामुळे हाच क्रम दोन फ्रेट वर सरकवला की ई मायनर नाइन, ए थर्टीन आणि डी मेजर नाइन मिळतात. तेथे प्रत्येक स्वराचे नाव उच्चारत वाजवावे, आणि मग सी नाइनचा तक्ता न पाहता ती कॉर्ड स्वतः शोधून काढावी.