त्या कार्डावरच्या ओळीचं काय करू?

मावशी, सप्रेम सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावातून लिहिते. गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्या घराच्या वाट्याला जे अभिवचनाचं कार्ड (नव्या वर्षासाठी बायबलमधलं एक वचन छापलेलं) आलं, त्यावर यिर्मया २९:११ होतं. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. यजमानांच्या दोन्ही किडन्या तेव्हा निकामी झालेल्या होत्या. प्रार्थना सभेत सगळे म्हणाले, हे वचन घट्ट धरा, वर्षाच्या आत बरे होतील. डायलिसिसला जाताना ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवायचे. ऑगस्टमध्ये ते गेले. दवाखान्यातून कपडे परत मिळाले, त्यात ते कार्ड होतं. आता सभेतल्या एक बाई म्हणतात, घरात विश्वास कमी पडला, नाहीतर काही लपलेलं पाप असेल. सासूबाई म्हणतात, देवाला प्रश्न विचारू नयेत. मुलगा अकरावीत आहे. तो म्हणतो, देवानं शब्द मोडला. त्यानं चर्चला येणं सोडलंय. रात्री मला झोप लागत नाही. मुलगी समजून सांगा, माझ्यात काय कमी पडलं? आणि या ३१ डिसेंबरला मी कार्ड उचलू का?

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्या बाईंच्या बोलण्याचा मला फार राग आला. म्हणून आधी तेच बाजूला काढते. तुझे यजमान किडनीच्या आजारानं गेले. तुझी प्रार्थना अपुरी पडली म्हणून गेले नाहीत. प्रार्थनेला हवं तसं उत्तर न मिळणं हा कमी विश्वासाचा पुरावा असता, तर गेथशेमानेच्या बागेत प्रभू येशूनं हा दुःखाचा प्याला माझ्यावरून टळून जावो म्हणून विनवणी केली, तिचं काय म्हणायचं? तो प्याला टळला नाही. आणि लपलेल्या पापाचं म्हणशील, तर निर्दोष असून सगळं गमावलेला ईयोब राखेत बसला होता, तेव्हा त्याचे मित्र त्याला हेच ऐकवत होते. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो एलीफज आणि त्याच्या दोघा सोबत्यांवर, ईयोबावर नव्हे. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मनोरमा १९२१ साली गेली. मुक्ती मिशनचा भार तिच्या खांद्यावर द्यायचा होता. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणायला आपल्यात कोण धजेल?

आता तुझा खरा प्रश्न. तो तू एका ओळीत उरकलास, पण सगळं पत्र त्याच्याभोवतीच फिरतंय. देव शब्दाला जागतो की नाही?

उत्पत्तीचा पंधरावा अध्याय काढ आणि सावकाश वाच. अब्रामानं, म्हणजे पुढे ज्याचं नाव अब्राहाम झालं त्यानं, देवाला सरळ विचारलं होतं, हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू? म्हणजे प्रश्न विचारणारी तू पहिली नाहीस, सासूबाईंना हे हळूच सांग. देवानं त्याला एक कालवड, एक शेळी आणि एक मेंढा आणायला लावला, तिन्ही तीन-तीन वर्षांचे, शिवाय एक होला आणि पारव्याचं पिलू. अब्रामानं जनावरं मधोमध चिरली आणि अर्धं समोर अर्धं अशी मांडली. गिधाडं उतरू लागली तशी तो ती हाकलत बसला. हा भाग मला फार जवळचा वाटतो. देवाच्या शब्दाची वाट पाहणारा म्हातारा, समोर रक्तामांसाचा पसारा, आणि हातात काम एवढंच की पाखरं उडवायची. आकाशातून काही घडत नाही. सूर्य मावळायला आला तेव्हा त्याला गाढ झोप लागली आणि घोर अंधाराची भीती त्याच्यावर पडली.

त्या काळी करार करणारे अशा चिरलेल्या तुकड्यांमधून चालत जात. मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात या चालीचा उल्लेख आहे. दोघांनी करार केला तर दोघांनी चालावं, असं आपल्याला वाटेल. पण त्या रात्री तुकड्यांमधून गेलं ते धुराचं अग्निपात्र आणि जळती मशाल. अब्राम पडून होता. त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही, त्याच्याकडून शपथ घेतली नाही. सगळी जोखीम देवानं एकट्यानं स्वतःवर घेतली. पुढे प्रभूनं वल्हांडणाच्या रात्री प्याला हातात घेऊन हा माझ्या रक्तातला नवा करार आहे म्हटलं, तेव्हा ती जोखीम किती खरी होती ते उघड झालं. शब्द मोडला माणसांनी, चिरला गेला तो प्रभू. दर महिन्याला प्रभुभोजनाला आपण उगाच जात नाही, बाई. म्हणून तुझ्या विश्वासाच्या वजनावर हा करार तोललेला नाही. तो तोललेला असता तर अब्राहामाचाही टिकला नसता. पुढच्याच अध्यायात देवानं कबूल केलेल्या मुलाची वाट पाहायला त्याला धीर धरवला नाही, आणि दासी हागारेपासून मूल होण्याचं प्रकरण घडलं.

मग कार्डाचं काय?

अभिवचनाच्या कार्डांबद्दल माझं मत फार गोड नाही, हे स्पष्टच सांगते. त्यांनी खूप घरांना वर्षभर धीर दिला आहे, हे मला ठाऊक आहे. पण एका पत्राची एक ओळ कापून घेतली की पत्र कुणाला होतं, कधी होतं, आणि पुढेमागे काय लिहिलं होतं, ते सगळं गळून पडतं. यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय हे यिर्मया संदेष्ट्यानं लिहिलेलं खरोखरचं पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यहूदाच्या राजाला, कारागिरांना, लोहारांना यरुशलेमेतून उचलून बाबेलला नेलं, त्या लोकांना ते गेलं. अकराव्या वचनाच्या अगदी वर, दहाव्या वचनात, देव म्हणतो की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन. सत्तर वर्षं! ज्या मोठ्या माणसांनी ते पत्र ऐकलं, त्यांतल्या बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. त्यांना सांगितलं काय, तर तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा. संकल्प हिताचा होता, खोटा नव्हता. कोरेश राजानं इ.स.पू. ५३८ च्या सुमारास त्यांना परत जाऊ दिलं. पण मधल्या काळात बाबेलच्या मातीत किती कबरी झाल्या असतील!

आणि याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय कुणी कार्डावर छापत नाही. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात, लोकांदेखत, दोन वर्षांत सगळे परत येतील असं जाहीर करतो, आणि बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडून टाकतो. लोकांना ते ऐकायला किती बरं वाटलं असेल! यिर्मयानं आधी काय म्हटलं माहीत आहे? आमेन, परमेश्वर असंच करो. त्यालाही तेच हवं होतं. पण देवानं ते म्हटलेलं नव्हतं.

वर्षाच्या आत बरे होतील, हे तुझ्या प्रार्थना सभेनं म्हटलं. मायेपोटी म्हटलं असेल. तूही आमेन म्हटलंस, मीही म्हटलं असतं. पण ते देवानं म्हटलेलं नव्हतं. म्हणून मोडला तो माणसांनी देवाच्या नावावर दिलेला शब्द. एवढं वेगळं काढलंस तर छातीवरचा एक दगड उतरेल, सगळे नाही.

कारण माणूस तर गेलाच आहे. तेव्हा उत्पत्तीचा तेविसावा अध्यायही वाच, अब्राहामाची बायको सारा हिच्या मृत्यूचा. अब्राहामाला सगळा कनान देश देऊ केलेला होता. सारा गेली तेव्हा त्याच्या मालकीची तिला पुरण्यापुरतीही जागा नव्हती. तो हेथींच्या लोकांपुढे उभा राहिला, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे म्हणाला, खाली वाकला, आणि एफ्रोनाचं मकपेलाचं शेत आणि त्यातली गुहा चारशे शेकेल चांदी मोजून विकत घेतली. घासाघीस केली नाही. देवानं दिलेल्या देशात पहिली जमीन पैसे देऊन घ्यावी लागली, आणि ती बायकोच्या कबरीसाठी. हा माणूस रडला, असं तिथे लिहिलंय. त्या दिवशी कुणी त्याला विचारलं असतं, कुठे गेलं तुझ्या देवाचं अभिवचन, तर तो काय बोलला असता?

उत्तर प्रभूनं दिलं, पुष्कळ शतकांनी. पुनरुत्थान नाहीच म्हणणारे सदूकी त्याला कोड्यात पकडायला आले होते. प्रभू म्हणाला, देव मोशेला मी अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव आहे असं सांगतो, आणि तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे. मोशेच्या वेळी ते तिघे मकपेलात जाऊन शतकं लोटली होती. तरी देव त्यांचं नाव सोडत नाही. एकदा तुझा देव होईन म्हटलं की मरणानं ते नातं सुटत नाही, कारण दिलेलं अजून पुरतं पोचायचं आहे. तुझ्या यजमानांचा बाप्तिस्मा झाला, ते प्रभूच्या मेजाला बसले, आजारात देवाचं वचन उराशी बाळगून राहिले. त्यांना दिलेला देवाचा शब्द ऑगस्टमध्ये संपला नाही. आपण ज्याला अंत म्हणतो तिथे तो थांबत असता तर आपल्या कबरस्तानातले सगळे क्रूस खोटे ठरले असते. हे मी तुझं सांत्वन व्हावं म्हणून रचलेलं नाही, आपली मंडळी दर रविवारी उभी राहून हेच कबूल करते.

त्यांना आत्ताच का नेलं, हे शास्त्र सांगत नाही. कुणी सांगू लागलं तर ऐकू नकोस.

मुलाचं सांगते. त्याला ओढून चर्चला नेऊ नकोस, आणि त्याच्यासमोर रडून तर मुळीच नेऊ नकोस. एखाद्या संध्याकाळी स्तोत्र ८९ उघडून त्याच्यापुढे ठेव. आधी सदतीस वचनं देवानं दाविद राजाशी केलेल्या कराराचं गुणगान आहे. अडतिसाव्या वचनात सूर एकदम फिरतो, आणि एकोणचाळिसाव्यात भक्त देवाच्या तोंडावर म्हणतो की आपल्या सेवकाशी केलेला करार तू धिक्कारलास. तुझा मुलगा हेच बोलतोय, फक्त वहीत नाही लिहिलं त्यानं. हे वाक्य आपल्या पूर्वजांनी फाडून टाकलं नाही, उपासनेत म्हणायच्या स्तोत्रांमध्ये ठेवलं. देवाला शब्दाची आठवण तोच करून देतो, ज्याला शब्द मिळाला आहे असं वाटतं. त्याला तेवढं कळलं तरी आत्ता पुष्कळ आहे. वडिलांना नीट ओळखणारे मंडळीतले एखादे काका असतील तर त्यांना सांग, पोराला गाडीवर घेऊन जा, चहा पाजा, वडिलांच्या गोष्टी सांगा. उपदेश नको.

झोपेचं तू ओझरतं लिहिलंस. ते डॉक्टरांना दाखव, या आठवड्यात. त्यात विश्वासाचा प्रश्न नाही.

सभेतल्या त्या बाईंना तू एकटीनं तोंड देऊ नकोस. पाळकसाहेबांकडे जा, सोबत सासूबाईंना ने, आणि त्या काय बोलल्या ते शब्दाला शब्द सांग. एका विधवेच्या दारात असं बोललं जातं, हे पाळकांना कळायलाच हवं. त्यांनी विषय टाळला तर चर्चच्या पंच मंडळाकडे जा.

३१ डिसेंबरला उपासनेला मात्र जा, जाववलं तर. कार्ड उचलायची तुझ्यावर सक्ती नाही. थाळी समोर आली की नुसतं पुढे सरकव. कुणी विचारलं तर म्हण, माझ्याकडे गेल्या वर्षीचं आहे. ते जुनं कार्ड फेकू नकोस. घरच्या पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या आणि एकोणतिसाव्या अध्यायाच्या मधे ठेव, आणि नव्या वर्षात कधी बळ आलं तर दोन्ही अध्याय सलग वाच. तोवर प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र ८९ चं एकोणपन्नासावं वचन म्हण. प्रभू, तुझी पूर्वीची वात्सल्याची कृत्यं कुठे आहेत, एवढंच त्यात आहे. आवाज चढला तरी चालेल.

मुलाचं कसं चाललंय, ते मला कळव.

तुझी,
मावशी