एका कॉम्प्युटरात दोन बिऱ्हाडं

प्रश्न : सर, आमच्याकडं २०१३ मध्ये घेतलेला डेस्कटॉप आहे, आय ५ थर्ड जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. आमचं बेदाण्याचं अडत दुकान आहे, मिस्टरांचा सगळा हिशोब त्यातल्या टॅलीत आहे आणि घरातले फोटो पण त्यातच. विंडोज १० चे अपडेट बंद झाल्याचा मेसेज सारखा येतो, ११ टाकायला गेलं तर ह्या पीसीवर चालणार नाही म्हणतं. मुलगी डिप्लोमाला आहे, ती म्हणते शेजारी लिनक्स टाकू, दोन्ही चालतं. मिस्टर म्हणतात हात लावायचा नाही, हिशोब गेला तर शेतकऱ्यांना काय तोंड दाखवायचं. कुणाचं ऐकू?
– एक ताई, तासगाव

उत्तर : ताई, दोघांचंही ऐका, फक्त आधी मिस्टरांचं आणि मग मुलीचं.

मुलीचं म्हणणं बरोबरच आहे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, तुमचा तिसऱ्यातला, म्हणून ते नाही म्हणतंय, मशीनमध्ये बिघाड काही नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं पण नाही, टॅली उद्याही उघडणार, पण आता सुरक्षेत नवीन भोक सापडलं तर ते पहिल्यासारखं आपोआप बुजवलं जात नाही, आणि तुम्ही त्याच मशीनवरून बँक उघडत असणार. म्हणून बँक, मेल, मुलीचा अभ्यास हे सगळं लिनक्समध्ये आणि टॅली विंडोजमध्ये, अशी वाटणी मला पटते. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, ती विंडोजसाठीच बनते, तेव्हा विंडोज काढून टाका असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. टॅलीपुरतं विंडोज उघडायचं, काम झालं की बंद, आणि तिथं नेट जितकं कमी तितकं बरं.

आता मिस्टरांची भीती. ती खरी आहे आणि मी ती डोळ्यानं बघितलीय. बऱ्याच वर्षांपूर्वी सांगलीत विश्रामबागला एका मित्राच्या घरी मी हेच काम करत होतो, डी ड्राइव्ह बारीक करून लिनक्सला जागा काढत होतो, पट्टी निम्म्याच्या पुढं सरकली होती आणि लाईट गेली. युपीएसनं एकदा पी केलं आणि तो पण गेला, बॅटरी केव्हाच मेली होती आणि आम्ही दोघांनी ती तपासली नव्हती. लाईट आल्यावर विंडोज चालू झालं पण डी उघडेना, फॉरमॅट करायचं का विचारत होतं. त्यात मित्राच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं चार दिवस घालवून थोडे निघाले, बाकीचे गेले ते गेलेच. मित्राच्या आईनं, काकूंनी मला एक शब्द बोलला नाही, चहा करून दिला, आणि ते मला आजपण लागतं.

म्हणून आधी कॉपी. टॅलीच्या आतून बॅकअप घ्या आणि शिवाय डेटाचं आख्खं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर टाका, फोटो पण टाका. मग ती डिस्क दुसऱ्या एखाद्या टॅली असलेल्या मशीनला लावून बॅकअप रिस्टोअर करा, तुमची कंपनी उघडा आणि ट्रायल बॅलन्स घरच्याशी जुळतो का बघा. हे जुळल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणायचं नाही. आणि अजून एक कॉपी दुसऱ्या घरात ठेवा, माहेर जवळ असेल तर माहेरी ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात होतं, पाणी उतरल्यावर लोक पिशवीत हार्डडिस्क घेऊन यायचे, कनेक्टरच्या खाचेत गाळ वाळून बसलेला, आणि दुसऱ्या पिशवीत बॅकअपची डिस्क, ती पण तशीच, कारण दोन्ही एकाच कपाटात होत्या.

हे झालं की मुलीचं काम. इथं माझं मत जरा वेगळं आहे. नेटवर सगळीकडं सांगतात की सी किंवा डी ड्राइव्ह श्रिंक म्हणजे बारीक करा आणि निघालेल्या जागेत लिनक्स टाका, चालतं ते, पण तुमच्या केसमध्ये मी तसं करणार नाही. एक म्हणजे तुमची डिस्क तेव्हापासूनचीच असेल तर तिचं वय झालंय, तिच्यावर एवढी उलथापालथ नको. दुसरं म्हणजे त्या काळातल्या बऱ्याच मशीनवर डिस्कची मांडणी एमबीआर पद्धतीची असते, ती १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीसोबत आलेली पद्धत, तिच्यात प्रायमरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे मुख्य भाग, फक्त ४ मावतात. विंडोजनं स्वतःसाठी लपवलेलं एक, मग सी, डी, ई, झाले चार, पाचव्याला जागाच नाही. अशा वेळी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवीन ड्राइव्ह करायला गेलं की ते विचारतं, डिस्क डायनॅमिक करू का? लोक पटकन येस दाबतात आणि तिथंच फसतात, कारण डायनॅमिक डिस्कवर लिनक्स टाकायला मग नाकीनऊ येतात आणि डेटा न घालवता मागं यायचा सरळ रस्ता विंडोज देत नाही. तो प्रश्न कधीही आला तर नो.

त्यापेक्षा एक २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे साटा वायरनं जोडायची नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घ्या आणि लिनक्स तिच्यावर टाका. तुमचा डेस्कटॉप आहे, आत साटाची एखादी जागा बहुतेक मोकळी असते, पॉवरची पिन कमी पडली तर स्प्लिटर मिळतो. आणि टाकताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मशीन बंद करून, प्लग काढून, जुन्या हार्डडिस्कची डेटा केबल काढून ठेवा. ती लाल किंवा काळी चपटी वायर असते, टोकाला चिमटा असला तर तो दाबून ओढायची. डिस्क जोडलेलीच नाही म्हटल्यावर मुलीनं चुकून इरेज डिस्क दाबलं तरी मिस्टरांच्या टॅलीला धक्का लागत नाही. ती वायर हातात धरून मिस्टरांना दाखवा, त्यांची निम्मी काळजी तिथंच उतरेल.

लिनक्स कुठलं, तर मिंट, त्यातला एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार, ४ जीबी रॅमला ते हलकं पडतं. २२ नंबरच्या मालिकेतलं घ्या, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. डाउनलोड करायची फाईल जवळपास ३ जीबीची आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं तेवढं लक्षात ठेवा. विंडोजमध्ये रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं त्यानं पेनड्राइव्ह तयार करा. त्याआधी विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी उठणारं आतलं सॉफ्टवेअर) मोड लीगसी म्हणजे जुना आहे का यूईएफआय म्हणजे नवा ते वहीत लिहून ठेवा, कारण चालू करताना बूट मेनूत, म्हणजे कशावरून चालू व्हायचं ते निवडायच्या यादीत, एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकावर यूईएफआय लिहिलेलं, एकावर नाही, त्यातला विंडोजच्या मोडशी जुळणारा निवडायचा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, असेंबल्ड असेल तर बोर्डाप्रमाणं एफ ८, एफ ११ किंवा एफ १२. पेनड्राइव्हवरून मिंट चालू झालं की लगेच इन्स्टॉल दाबू नका. ते तसंच पेनड्राइव्हवरून वापरता येतं, एक संध्याकाळ वापरा, प्रिंटर लागतो का, आवाज येतो का, बँकेची साईट उघडते का बघा. पटलं तरच पुढं.

टाकून झालं की मशीन परत बंद करून जुनी केबल जोडा. पुढं रोज चालू करताना बूट मेनूतून जे पाहिजे ते निवडायचं, किंवा बायोसमध्ये जे जास्त लागतं ते पहिलं ठेवायचं. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शनमधलं फास्ट स्टार्टअप मात्र बंद करून टाका. ते चालू असलं की शटडाऊन दाबूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून ते ड्राइव्ह उघडले तर नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही, जबरदस्तीनं लिहिलं तर फाईली खराब होतात. आणि जमलं तर जुनी डीडीआर ३ ची ४ जीबी रॅम अजून एक बसवा, दोन्ही बिऱ्हाडांना फरक पडेल.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही टाकलंय, छान चालतंय, पण उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागं. दुकानदारानं सेल बदलला तरी तेच.
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : सेलचा काही संबंध नाही, सेल गेला असता तर तारीख पण बिघडली असती. मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, विंडोज त्यातली वेळ आपली भारतीय वेळ समजतं आणि लिनक्स (उबुंटू म्हणजे लिनक्सच) ती जागतिक वेळ समजतं, दोन्हीत फरक बरोबर साडेपाच तासांचा. रात्री ८ वाजता लिनक्स त्या घड्याळात दुपारचे अडीच लिहून जातं आणि विंडोज ते खरं मानतं. उबुंटूत टर्मिनल उघडून टाइमडेटसीटीएल (timedatectl), स्पेस, सेट-लोकल-आरटीसी (set-local-rtc), स्पेस, 1 एवढं सगळं इंग्रजी स्मॉल अक्षरात टाईप करून एंटर दाबा, मग दोघंही एकच वेळ धरतील. विंडोजमध्ये एकदा सिंक नाऊ करा. हे राहू देऊ नका, वेळ चुकली की बऱ्याच साईट सर्टिफिकेटचा एरर देऊन उघडतच नाहीत.

प्रश्न : नवीन लॅपटॉप आहे, विंडोज ११. लिनक्सच्या इन्स्टॉलरला आतली डिस्कच दिसत नाही. व्हिडिओत बघून बायोसमध्ये बदल केला तर आता निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतंय. डेटा गेला का?
– एक वाचक, विटा

उत्तर : गेला नाही, घाबरू नका, आणि कृपा करून रिसेट किंवा फॉरमॅट दाबू नका. आधी बायोसमध्ये जाऊन जो बदल केला तो होता तसा करा, बरेचदा तेवढ्यानंच विंडोज परत उघडतं. नाही उघडलं तर ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की आहे, लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं त्या अकाउंटमध्ये ती साठलेली असते, मोबाईलवरून लॉगिन करून बघा. इथं एक गोष्ट मला फार खटकते, काही दुकानात सेटअप करून देताना पोरं भलत्याच मेल आयडीनं अकाउंट करून देतात, गिऱ्हाईकाला पत्ताच नसतो, आणि की त्या आयडीत अडकून बसते. तसं असेल तर आजच दुकानात जाऊन बसा आणि की घेतल्याशिवाय उठू नका.

विंडोज उघडलं की ती की कागदावर लिहून ठेवा आणि सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे तेच कुलूप, बंद करा, ते उलगडायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा, पूर्ण झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. डिस्क न दिसण्याचं कारण बहुतेक डिस्क हाताळायची इंटेलची सोय, आरएसटी किंवा व्हीएमडी, चालू असणं हे आहे. ते थेट बंद केलं तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून सेफ बूटवर टिक करा, मग रिस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय ही डिस्कची साधी पद्धत करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उठलं की टिक काढा. तेव्हाच इन्स्टॉलरला डिस्क दिसेल. लॅपटॉपला दुसऱ्या एसएसडीची जागा आहे का ते पण बघा, असेल तर वर तासगावच्या ताईंना सांगितलं तेच तुम्हालाही.

प्रश्न : डीटीपीचं काम करते. लिनक्समध्ये मराठी टाईप होतं का आणि श्रीलिपीतल्या जुन्या फाईली उघडतील का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मराठी युनिकोड उत्तम होतं, कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फाईली मात्र उघडल्या तरी इंग्रजी अक्षरांचा गिचमिड कचरा दिसेल, त्यातला मजकूर आधी कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि जोडाक्षरं हातानं तपासावी लागतात, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी. पत्रिका आणि पावती पुस्तकांचं रोजचं काम त्या फाँटवर असेल तर विंडोज ठेवूनच लिनक्स शेजारी टाका.